पीपी नंबरापासून नॅटपर्यंत: नेटवरचा फोन एका कानानं बहिरा काहून होतो

नव्वदीच्या आसपास ज्यांचं लहानपण आमच्याकडच्या खेड्यात गेलं त्यांना पीपी नंबर समजावून सांगायची गरज नाही. लग्नपत्रिकेत खाली बारीक अक्षरात फोन नंबर आणि त्याच्यापुढं पीपी. म्हणजे फोन आपल्या घरचा नाही, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा नाहीतर पाटलाच्या वाड्यातला, तिथं लावा, ते बोलावून देतील. फोन आला की दुकानदार हातातलं माप ठेवून एखाद्या पोट्ट्याला पळवायचा, "जा रे, मास्तरच्या घरी सांग, पुण्याचा फोन हाये, पाच मिनिटांनं पुन्हा लावते म्हणे." अख्ख्या आळीला एक नंबर, आणि कोणाचा फोन कोणाला द्यायचा हे दुकानदाराच्या डोक्यात.

हे आठवायचं कारण म्हणजे मागच्या सीझनला दारव्ह्याकडच्या एका जिनिंगमध्ये आयपी फोन, म्हणजे नेटवरून बोलायचे फोन, बसवायचं काम माझ्याकडं आलं होतं. सर्व्हर यवतमाळच्या ऑफिसात, तिथं स्टॅटिक आयपी, म्हणजे नेटवरचा न बदलणारा पत्ता, घेतलेला, आणि फोन इकडं वजनकाट्यावर. काट्यावरचा माणूस फोन लावायचा, तिकडं बेल वाजायची, फोन उचलला जायचा, आणि मग इकडून नुसतं हॅलो हॅलो. मग त्यानं मोबाइल काढून विचारलं तर ऑफिसवाले म्हणे, "तुझं सगळं ऐकू येऊन राह्यलं नं बावा, तुलेच काहून ऐकू येत नाही?" सेठ म्हणाले उंदरानं वायर खाल्ली असंल. वायर चांगली होती. फोन चांगला होता, नेट चांगलं होतं, अन् तरी आवाज एकाच बाजूनं जात होता. या एकतर्फी आवाजाच्या रोगाचं मूळ पार १९८१ पर्यंत मागं जातं.

१९८१ च्या सप्टेंबरात आयपीची, म्हणजे नेटवर पत्ता टाकून माहिती पोचवायच्या नियमांची, चौथी आवृत्ती कागदावर पक्की झाली आणि १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट, म्हणजे इंटरनेटचा पूर्वज, त्याच्यावर गेलं. पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते ४२९ कोटी आणि वर काही. त्या वेळी जोडलेली मशिनं शेकड्यात मोजायची, त्यामुळं ४२९ कोटी म्हणजे कोणाच्या बापाला संपत नाही असंच वाटलं असणार. म्हणून वाटपही इनामासारखंच झालं, आधी येईल त्याला घसघशीत. एक ए क्लास घेतला की १ कोटी ६७ लाख पत्ते एकाच संस्थेच्या नावावर, बी क्लासला ६५,५३६, आणि सी क्लासला फक्त २५६. मधलं माप नव्हतंच. हजार मशिनं असली की सी पुरत नाही, मग बी घ्या आणि त्यातले चौसष्ट हजार पडीत ठेवा. नव्वदीच्या सुरुवातीला लोकांच्या लक्षात आलं की हे असंच चाललं तर पत्ते संपणार. १९९३ मध्ये सीआयडीआर आलं, म्हणजे क्लासची भानगड सोडून पाहिजे तेवढाच तुकडा तोडून द्यायची सोय झाली, त्यानं वेळ मिळाला पण मूळ आकडा काही वाढला नाही.

त्याच सुमाराला पॉल फ्रान्सिस आणि टोनी इंग यांनी पत्ते पुन्हा पुन्हा वापरायची कल्पना मांडली, १९९३ ची गोष्ट. पुढच्या वर्षी, मे १९९४ ला, फ्रान्सिस आणि केल्ड एगेवांग या दोघांच्या नावानं आरएफसी १६३१ निघाली. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या कारभाराचे कागद समजा, नंबर टाकून ठेवलेले. त्यात सांगितलं होतं की ऑफिसच्या आत कोणतेही पत्ते ठेवा, दारावर एक मशीन बसवा, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावरचा, म्हणजे माहितीच्या तुकड्यावरचा, आतला पत्ता पुसून ते बाहेरचा लिहील, आणि उत्तर आलं की उलटं करील. हेच नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन, नॅट. पीपी नंबरच, दुसरं काय. पुढं पत्त्यासोबत पोर्टही, म्हणजे एकाच पत्त्यावरच्या खोलीचा नंबर समजा, बदलायची युक्ती आली, मग एका बाहेरच्या पत्त्यावर शेकडो मशिनं बसायला लागली, आणि आज आपण नॅट म्हणतो ते बहुतेक वेळा हेच पोर्टवालं असते. आतले पत्ते कोणते वापरायचे तेही ठरलं, फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ मध्ये. दहापासून सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१ वाले, आणि आपल्या घरोघरच्या राऊटरमध्ये दिसणारे १९२.१६८ वाले. हे पत्ते कोणाच्या मालकीचे नाहीत, कोणीही वापरा, फक्त गावाबाहेर त्यांना ओळख नाही.

मला त्या १९९४ च्या कागदाचं कौतुक वाटते ते वेगळ्याच कारणानं. तो स्वतःला थोड्या दिवसांचा उपाय म्हणतो. पाऊस आला म्हणून शाळेला टिनाचं शेड मारायचं, पुढच्या वर्षी पक्की खोली बांधू म्हणायचं, आणि त्याच शेडात तीन पिढ्या शिकून जायच्या, तसं हे झालं. पक्की खोली म्हणजे आयपीव्ही६, १२८ बिटांचा पत्ता, तो डिसेंबर १९९५ पासून कागदावर आहे. पण शेड गळत नव्हतं ना, मग कोण खर्च करते. दुसरी गोष्ट म्हणजे त्या कागदात धोकाही लिहून ठेवला होता, की जो प्रोग्राम आपला आयपी पत्ता पाकिटावर नाही तर आतल्या मजकुरात घालून पाठवतो तो नॅटमधून चालणार नाही, नॅटला त्या प्रोग्रामची भाषा वेगळी शिकवली तरच चालंल. उदाहरण म्हणून एफटीपी, म्हणजे फायली पाठवायची पद्धत, दिलं होतं. फोनचं नाव त्यात नव्हतं, कारण नेटवरचा फोन तेव्हा बाजारात यायचा होता.

तो आला लगेच पुढच्या वर्षी. फेब्रुवारी १९९५ मध्ये इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीनं इंटरनेट फोन नावाचं सॉफ्टवेअर काढलं, कॉम्प्युटरला माईक-स्पीकर लावून बोलायचं. १९९६ ला आयटीयूचं, म्हणजे टेलिफोनचे जागतिक नियम ठरवणाऱ्या संस्थेचं, नेटवर कॉल जुळवायचं एच.३२३ आलं, जे टेलिफोनवाल्यांच्या डोक्यातून निघालं होतं आणि तसंच जड होतं. त्याच वर्षी आवाज वाहून न्यायची पद्धत ठरली, आरटीपी. आणि मार्च १९९९ ला सिप, तीही कॉल जुळवायचीच पद्धत. मार्क हँडली, हेनिंग शुल्झ्रिन, ईव्ह स्कूलर, जोनाथन रोझेनबर्ग ही मंडळी त्याच्यामागं. जून २००२ ला सिपची सुधारलेली आवृत्ती आली, आरएफसी ३२६१, आज कोणताही आयपी फोन उघडला की आत हीच बसलेली असते.

आता सगळी गोम इथं आहे म्हणून थोडं थांबतो. सिप स्वतः आवाज नेत नाही. सिप फक्त निरोप नेते, साधारणपणे ५०६० पोर्टवरून, की मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि त्या निरोपाच्या पोटात एसडीपी नावाची एक चिठ्ठी असते. त्या चिठ्ठीत सी नावाच्या ओळीत लिहिलेलं असते की आवाज माझ्याकडं या या आयपीवर पाठव, आणि एम नावाच्या ओळीत पोर्ट नंबर. मग आवाज त्या पत्त्यावर, वेगळ्या वाटेनं, आरटीपीनं जातो, सेकंदाला बहुधा ५० पाकिटं, प्रत्येकात २० मिलिसेकंदाचं बोलणं. म्हणजे निरोप्या वेगळा आणि बैलगाडी वेगळी. नॅट पाकिटावरचा पत्ता बदलते, चिठ्ठी उघडून वाचत नाही. वाचूही नये खरं म्हणजे. मग काट्यावरचा फोन चिठ्ठीत लिहितो १९२.१६८.१.५, कारण त्या बिचाऱ्याला आपला तेवढाच पत्ता माहीत, आणि यवतमाळचा सर्व्हर इमानदारीनं आवाज १९२.१६८.१.५ वर पाठवतो, जो यवतमाळात एकतर दुसऱ्याच कोणाच्या कॉम्प्युटरचा असतो नाहीतर कोणाचाच नसतो. काट्यावरून जाणारा आवाज मात्र सर्व्हरच्या खऱ्या पत्त्यावर बरोबर पोचते. झाला एकतर्फी. पुण्याहून पत्र यावं आणि आत लिहिलेलं असावं, उत्तर पिंपळाजवळच्या घरी पाठवा. कोणत्या गावचा पिंपळ?

दुसरा रोग येणाऱ्या कॉलचा. पीपीवाला दुकानदार हुशार होता, त्याला आळीतली सगळी घरं ठाऊक. नॅटचं तसं नाही, त्याची वही फक्त जाणाऱ्यांची. आतून कोणी बाहेर गेलं की नोंद होते, त्याच नोंदीवरून उत्तर आत येते, आणि काही वेळ कोणी आलं-गेलं नाही की ती ओळ खोडली जाते. वेबपेज पाहणाऱ्याला यानं काही फरक पडत नाही कारण सुरुवात तोच करतो. फोनचं कामच मुळी वाट पाहत बसायचं. फोन सर्व्हरला हजेरी लावतो आणि ठरवतो की आता तासाभरानं पुन्हा लावू, ३६०० सेकंद, आणि इकडं राऊटरची वही युडीपीची, म्हणजे फोनची पाकिटं सहसा ज्या पद्धतीनं जातात तिची, नोंद कधी तीस सेकंदात, कधी दोन-तीन मिनिटांत खोडून मोकळी. मग लोक म्हणतात फोन चालू केल्या केल्या येते, नंतर येत नाही. जानेवारी २००७ च्या आरएफसी ४७८७ मध्ये राऊटरवाल्यांना बजावलं की नोंद दोन मिनिटांच्या आत खोडू नका, पाच मिनिटं ठेवली तर बरं. किती जणांनी ऐकलं ते राऊटर विकत घेणाऱ्यालाच माहीत.

आणि तिसरा, ज्यानं मला एकदा दोन रात्री जागवलं, तो म्हणजे ३२ सेकंदांनी तुटणारा कॉल. बोलणं दोन्हीकडून छान, आणि बत्तिसाव्या सेकंदाला कट, घड्याळ लावून. सिपमध्ये अर्ध्या सेकंदाचं एक मूळ माप आहे आणि त्याची चौसष्ट पट म्हणजे ३२ सेकंद, तेवढ्या वेळात फोन उचलल्याची पोच मिळाली नाही तर समोरचा कॉल सोडून देतो. सर्व्हर नॅटच्या मागं असला आणि त्यानं आपला ठिकाणा आतल्या पत्त्यानं कळवला असला की पोच भलतीकडंच जाते. आवाज ठीक असला म्हणजे सेटिंग ठीक, असं म्हणून जाऊ नका एवढंच.

इकडं आपल्या देशात काय चाललं होतं? गावागावात फोन पोचवायचं मोठं काम सी-डॉटच्या एक्सचेंजनं केलं. सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था १९८४ ची, त्यांचं १२८ पोर्टचं (इथं पोर्ट म्हणजे तार जोडायची जागा) ग्रामीण एक्सचेंज १९८६ मध्ये पहिल्यांदा कर्नाटकातल्या कित्तूरला लागलं, एसीशिवाय चालणारं. १२८ पोर्टांत आसपासची गावं बसवायची म्हणजे नंबर कमी आणि माणसं जास्त, त्यातून पीपी. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं पण ते डायलअप, एक मोडेम, एक कॉम्प्युटर, आणि त्याला सरळ बाहेरचा पत्ता. नॅटचा संबंधच नाही. नॅट आपल्याकडं खऱ्या अर्थानं आलं सायबर कॅफेतून. विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत, १९९९ ला, एक नेट दहा कॉम्प्युटरला वाटायची सोय आली आणि १९२.१६८.०.१ हा आकडा यवतमाळ-अमरावतीच्या पोरांना तोंडपाठ झाला. १ एप्रिल २००२ पासून सरकारनं इंटरनेट टेलिफोनीला परवानगी दिली, पण अर्धीच. कॉम्प्युटर ते कॉम्प्युटर चालंल, परदेशातल्या फोनवर चालंल, देशातल्या साध्या फोनवर नाही. कॅफेत हेडफोन लावून अमेरिकेतल्या पोराशी बोलणारे आईबाप मी पाहिले आहेत, आवाज गेला की कॅफेवाला मोडेम बंद-चालू करायचा. देशातल्या फोनवर नेटवरून कॉल लावायची पूर्ण मोकळीक मिळायला २०१८ उजाडलं. मधल्या काळात, २००५ पासून, बीएसएनएलचं ब्रॉडबँड घरोघर गेलं आणि मोडेमच राऊटर झाला, म्हणजे ज्याच्या घरी नेट त्याच्या घरी नॅट.

उपाय जगभर शोधले जात होतेच, आणि प्रत्येक उपायाची एक सेटिंग होऊन बसली. आज फोनच्या पानावर जे पन्नास खोके दिसतात ना, टिक करू का नको करू वाले, ते एकेक त्या काळातल्या एकेका भांडणाची खूण आहे.

पहिला उपाय राऊटरवाल्यांचा, सिप एएलजी. नॅटलाच सिपची भाषा शिकवायची, त्यानं चिठ्ठी उघडून आतला पत्ता दुरुस्त करायचा. १९९४ च्या कागदात हीच वाट दाखवली होती. पण सिप ही मोकळीढाकळी लिहायची भाषा, आणि स्वस्त राऊटरमधला एएलजी म्हणजे दुसऱ्याचं पत्र उघडून चुकीचं शुद्धलेखन करणारा पोस्टमन. अर्धा पत्ता बदलतो, अर्धा ठेवतो. म्हणून फोनवाल्यांचा पहिला सल्ला असते, एएलजी बंद करा. माझाही तोच. दारव्ह्याच्या त्या जिनिंगमध्ये अर्धा रोग इथंच निघाला, राऊटरमधलं एक टिक.

दुसरा उपाय फोनवाल्यांचा. मार्च २००३ ला स्टन आलं. फोन आधी बाहेरच्या एका सर्व्हरला विचारतो, मी तुला कोणत्या पत्त्यावरून आलेला दिसतो? आणि तो जे सांगल तेच चिठ्ठीत लिहितो. त्या वेळी नॅटच्या चार जाती पाडल्या होत्या, फुल कोन, रिस्ट्रिक्टेड, पोर्ट रिस्ट्रिक्टेड आणि सिमेट्रिक. शेवटच्या जातीपुढं स्टन चालत नाही, कारण ते नॅट प्रत्येक नव्या माणसाशी बोलताना नवा पोर्ट काढते, म्हणजे एकाला विचारलेला पत्ता दुसऱ्यासाठी खोटा. पुढं दिसलं की खरे राऊटर या चार खणांत नीट बसतच नाहीत, आणि ऑक्टोबर २००८ ला स्टनचा कागद नव्यानं लिहिला तेव्हा नाव तेच ठेवून अर्थ बदलला, हा पूर्ण इलाज नाही, नुसतं एक अवजार आहे म्हणून. तरी जुन्या फोनमध्ये ते खोकं आहे आणि लोक त्यात कोणाचाही सर्व्हर टाकून मोकळे होतात.

तिसरा उपाय सर्व्हरवाल्यांचा, आणि खेड्यात तोच चालतो असं माझं मत. यात फोनवर विश्वासच ठेवायचा नाही. ऑगस्ट २००३ ला आरपोर्टचा नियम आला, की निरोप ज्या पत्त्या-पोर्टवरून दिसला तिथंच उत्तर द्या, आत काय लिहिलं ते सोडा. आवाजाचंही तसंच, चिठ्ठीतला पत्ता बाजूला ठेवायचा आणि जिथून आवाज आला तिथंच आपला पाठवायचा. अ‍ॅस्टरिस्क वापरणाऱ्यांनी हे "नॅट=यस" या नावानं वर्षानुवर्षं लिहिलं आहे. अ‍ॅस्टरिस्क म्हणजे मार्क स्पेन्सरनं १९९९ मध्ये लिहायला घेतलेलं फुकटचं एक्सचेंज, जुन्या कॉम्प्युटरवर चालणारं, आणि त्याच्या सेटिंगची नावंच आमच्या धंद्याची भाषा झाली. सर्व्हरच नॅटमागं असंल तर बाहेरचा पत्ता आणि आतलं नेटवर्क कोणतं हे दोन्ही त्याला हातानं सांगायचं, आरटीपीसाठी १०००० ते २०००० पोर्ट युडीपीत आत सोडायचे, आणि दोन फोन आपापसात सरळ आवाज पाठवायला लागतील तर ते बंद करायचं, म्हणजे सगळा आवाज सर्व्हरमधूनच जाईल. स्पेन्सरच्याच लोकांनी आयएएक्स नावाची दुसरी भाषाही काढली होती, निरोप आणि आवाज दोन्ही एकाच ४५६९ पोर्टवरून, नॅटचा प्रश्नच मिटवला होता. पण फोन बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या सिपकडं गेल्या आणि आयएएक्स मागं पडलं. चांगलं बियाणं बाजारात टिकतेच असं नाही.

स्काइप आलं ऑगस्ट २००३ ला आणि त्यानं ही सगळी सेटिंगच लोकांपासून लपवून टाकली, ज्यांचे कॉम्प्युटर उघड्या पत्त्यावर होते त्यांच्यामार्फत बाकीच्यांचा आवाज वळवून. सिपवाल्यांचं उत्तर आलं एप्रिल २०१० ला, टर्न आणि आयसीई, म्हणजे सगळ्या वाटा आजमावायच्या आणि काहीच जमलं नाही तर मधल्या सर्व्हरवरून आवाज फिरवायचा. आज ब्राउझरमधून होणारे कॉल आयसीईवरच चालतात.

आणि मग पत्ते खरंच संपले. ३ फेब्रुवारी २०११ ला आयानानं, म्हणजे जगभरचे पत्ते वाटणाऱ्या संस्थेनं, शेवटचे गठ्ठे वाटून टाकले, १५ एप्रिलला आपल्या आशियाच्या एपीनिकनं शेवटच्या गठ्ठ्याला हात घालून रेशनिंग सुरू केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात सरकारनं ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायची योजना मंजूर केली, जिचं पुढं भारतनेट झालं. म्हणजे बघा, फायबर आमच्या गावाकडं निघालं त्याच वर्षी पत्त्यांची कोठी रिकामी झाली. उशिरा पंगतीला बसणाऱ्याला जे मिळते तेच मिळालं, सीजीनॅट. नेट देणाराच आपल्या शेकडो गिऱ्हाइकांना एका पत्त्यामागं ठेवतो, त्यासाठी एप्रिल २०१२ ला १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा वेगळा पट्टाच राखला गेला. गावातल्या घरात आता ओएनटीचं, म्हणजे फायबरच्या डब्याचं, एक नॅट, त्याच्यामागं पोरानं ऑनलाइन मागवलेल्या वायफाय राऊटरचं दुसरं, आणि वर कंपनीचं तिसरं. पीपीच्या पीपीचा पीपी. अशा ठिकाणी आपल्या राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला आतली वाट लावून देऊन, काडीचा फायदा नाही, कारण बाहेरचं दार आपल्या हातातच नाही. ओळखायचं सोपं आहे, राऊटरच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या, पानावरचा आयपी पाहा आणि मोबाइल त्याच वायफायवर ठेवून माझा आयपी काय ते शोधा, दोन आकडे वेगळे असले तर तुमच्या वर अजून एक नॅट आहे.

लोक विचारतात, मग त्याच फायबरवरचा लँडलाइन फोन कसा बिनबोभाट चालते? तोही सिपच बोलते, पण त्याची वाट वेगळी. टेलिफोन कंपनी त्याच काचेच्या तारेत आवाजासाठी वेगळी व्हीलॅन, म्हणजे त्याच तारेतली स्वतंत्र वाट, काढते, ती ओएनटीतून सरळ कंपनीच्या एक्सचेंजला जाते, मध्ये घरचं नॅट येतच नाही. गाडीवाट न सुधारता त्यांनी आपल्यापुरता डांबरी रस्ता केला. मोबाइलवरच्या व्होल्टीचंही, म्हणजे फोरजीवरच्या कॉलचंही, साधारण तसंच, तिथंही आवाजाची वाट नेटपासून वेगळी ठेवलेली असते.

आमच्यासारख्यांना तो रस्ता नाही, म्हणून जिनिंगमध्ये शेवटी असं केलं. एएलजी बंद. सर्व्हरवर चिठ्ठीतला पत्ता धरू नको आणि आवाज आला तिथंच पाठव हे चालू. फोनला दर २५ सेकंदांनी एक रिकामं पाकीट पाठवायला लावलं, वहीतली ओळ खोडली जाऊ नये म्हणून. काट्याकडं एकही पोर्ट उघडला नाही. आधी कोणीतरी काट्याच्या राऊटरवर ५०६० फॉरवर्ड करून ठेवला होता, सीजीनॅटमुळं त्याचा उपयोग शून्य होता आणि तेच बरं झालं, कारण उघडा ५०६० सापडला की जगभरचे स्कॅनर काही तासांत १००, १०१, १००० असे नंबर लावून पासवर्ड ठोकायला लागतात, आणि एक जरी लागला तर रात्रीतून परदेशी कॉलचं बिल. यवतमाळच्या सर्व्हरवर तसे ठोके लॉगमध्ये रोज दिसतात.

आयपीव्ही६ बद्दलही पाहिलं. जिओनं ५ सप्टेंबर २०१६ ला सेवा सुरू केल्यापासून आपल्याकडं व्ही६ झपाट्यानं पसरलं, मोबाइलमध्ये सर्रास असते. जिनिंगच्या कनेक्शनला कंपनीनं दिलेलंही निघालं, फक्त राऊटरमध्ये बंद होतं. चालू केलं. पण काट्यावरच्या जुन्या फोनला व्ही६ चा पर्यायच नाही, आणि सेठ म्हणतात, "आता आवाज येते नं दोन्हीकडून, मंग नवीन फोन कायले?"